वारा कुठे अडला होता

माझ्या गाडीच्या व्हेंटमधून येणारी हवा इतक्या संथपणे कमी होत गेली की ती कमी होत आहे हे बरेच महिने माझ्या लक्षातच आले नाही. पूर्वी पंखा दोनवर ठेवून भागत असे, नंतर तो तीनवर राहू लागला आणि पुढे तर गाडीत बसताक्षणी हात आपोआप बटण चारवर नेऊ लागला. मग एका रात्री मुसळधार पावसात समोरची काच आतून धुरकटली. हवा काचेवर वळवली, एसी सुरू केला, तरीही ते धुके हटेना, आणि शेवटी रस्त्याच्या कडेला थांबून कापडाने काच पुसावी लागली. समोरून येणाऱ्या वाहनांचे दिवे त्या धुरकट काचेवर फाकत होते आणि मला रस्त्याची कड दिसत नव्हती. व्हेंटमधली हवा ही केवळ आरामाची बाब नव्हे, हे मला त्या रात्री कळले.

दुसऱ्या दिवशी मी गाडी एका गॅरेजमध्ये नेली आणि ‘एसी नीट चालत नाही’ असे सांगितले. तिथे गॅस कमी झाला असेल असा अंदाज बांधून गॅस भरून देण्यात आला. परत येताना व्हेंटसमोर तळहात धरला, तर हवा पूर्वीइतकीच गार होती आणि पूर्वीइतकीच क्षीण होती. माझ्या सांगण्यातही चूक होती, हे मला नंतर उमगले. गारवा मिळत नाही आणि वारा मिळत नाही या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि मी त्या दोन्हींना एकच नाव दिले होते. गारवा कॉम्प्रेसर, गॅस आणि कूलिंग कॉइल यांच्यामुळे येतो. वारा मात्र एकट्या ब्लोअरमुळे, म्हणजे हवा ढकलणाऱ्या पंख्यामुळे येतो, आणि ब्लोअरला गॅसशी काही देणेघेणे नसते. एसीचे बटण बंद ठेवून केवळ पंखा पूर्ण वेगाने सोडला आणि तरीही हवा क्षीणच आली, तर दोष गॅसमध्ये शोधण्यात अर्थ नाही. ही एवढी चाचणी मी आधी केली असती, तर गॅस भरण्याचा खर्च वाचला असता.

पुढचे काम मी स्वतः करायचे ठरवले आणि प्रथम हवेची वाट कागदावर काढली. बाहेरची हवा समोरच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरखालच्या जाळीतून आत येते. तिथे एक झडप असते, जी बाहेरची हवा घ्यायची की गाडीतलीच पुन्हा फिरवायची हे ठरवते. बहुतेक गाड्यांमध्ये त्यानंतर केबिन फिल्टर, मग ब्लोअर, मग कूलिंग कॉइल, त्यानंतर हीटरची कॉइल आणि गार-गरम हवेचे प्रमाण जुळवणारी झडप येते, आणि शेवटी हवा काचेकडे, तोंडाकडे की पायांकडे पाठवायची हे ठरवणाऱ्या झडपा आणि त्यापुढच्या नळ्या. यांपैकी कोणत्याही ठिकाणी हवा अडू शकते, आणि ब्लोअरच मंद फिरत असेल तर कुठेही न अडतासुद्धा ती कमी होऊ शकते. म्हणून पहिला प्रश्न असा होता, की पंखा हवा ढकलत नाही की ढकललेली हवा पुढे जात नाही?

या प्रश्नाचे उत्तर कानाने मिळते. पिंजऱ्यासारख्या ज्या चाकाने हा पंखा हवा ढकलतो, त्याची वाट अडली की त्याच्यावरचा भार वाढत नाही, उलट कमी होतो, कारण ढकलायला पुरेशी हवाच उरत नाही. भार हलका झाल्यामुळे मोटर किंचित अधिक वेगाने फिरते आणि तिचा सूर चढतो. व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीच्या तोंडावर हात ठेवला की यंत्राचा आवाज कसा चढतो ते आठवले म्हणजे हे पटेल. त्यामुळे आवाज मोठा आणि वारा थोडा असेल तर वाट अडलेली आहे असे समजावे, आणि आवाजही थोडा व वाराही थोडा असेल तर विजेच्या बाजूला, म्हणजे मोटर, रेझिस्टर (पंख्याचे कमी वेग ठरवणारा भाग), जोडण्या आणि अर्थची तार (वीज गाडीच्या पत्र्याकडे परत नेणारी) यांच्याकडे वळावे. माझ्या गाडीत चारवर पंखा घरघरत होता आणि व्हेंटसमोर धरलेला पातळ कागद जेमतेम हलत होता. सगळ्या व्हेंटमधून हवा सारखीच क्षीण येत होती, ती काचेकडे किंवा पायांकडे वळवूनही फरक पडत नव्हता, म्हणजे पुढच्या झडपा आणि नळ्या बहुधा निर्दोष होत्या. आतलीच हवा फिरवण्याचे बटण दाबूनही वारा वाढला नाही, म्हणजे दोष केवळ बाहेरच्या जाळीतही नव्हता. झडपेनंतर आणि नळ्यांआधी कुठेतरी वाट तुंबलेली होती.

ग्लव्ह बॉक्सच्या मागे फिल्टर होता. बॉक्सच्या दोन्ही भिंती आत दाबल्या की अटकाव सुटतात आणि बॉक्स खाली लोंबकळतो. मागे एक प्लॅस्टिकचे झाकण दिसते. माझ्या हाती आलेला फिल्टर मूळचा पांढरा असावा, पण आता तो करडा, दमट आणि जड होता, आणि त्याच्या घड्यांमध्ये पानांचे तुकडे, केस व गवताच्या बिया गच्च बसल्या होत्या. इथे बहुतेक जण थांबतात, नवा फिल्टर बसवतात आणि काम झाले असे मानतात. पुष्कळदा ते झालेलेही असते. परंतु नवा फिल्टर बसवण्याआधी एक मिनिटभर फिल्टरशिवाय पंखा चालवून पाहावा, कारण त्या एका मिनिटात जे कळते ते नंतर कळणे अवघड असते. फिल्टर नसताना वारा पूर्ववत झाला, तर दोष फिल्टरपुरताच होता. माझ्याकडे वारा वाढला, पण गाडी नवी घेतली तेव्हा तो जसा होता त्याच्या निम्माही नव्हता. म्हणजे पुढेही काही अडलेले होते. ही चाचणी मात्र मिनिटभरच करावी, कारण फिल्टर नसताना धूळ थेट कॉइलवर जाऊन बसते.

आणि नेमके तेच पूर्वी घडले असावे. फिल्टरचे झाकण नीट पाहिले तेव्हा त्याचा एक खटका तुटलेला दिसला. जुन्या फिल्टरची चौकटही वाकलेली होती, त्यामुळे एका बाजूला बोटभर फट राहत होती. हवा नेहमी सोपी वाट धरते. फिल्टर जसजसा तुंबत गेला तसतशी अधिकाधिक हवा त्या फटीतून गेली असणार आणि सोबत कचराही घेऊन गेली असणार.

कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या पोटात असते आणि ती बाहेर काढायची तर बहुतेक गाड्यांमध्ये डॅशबोर्ड उतरवावा लागतो, शिवाय गॅसही योग्य यंत्राने काढून घ्यावा लागतो. तेवढ्या थराला जाण्याआधी मी ब्लोअरचा रेझिस्टर काढला. हा छोटा भाग दोन स्क्रूंनी हवेच्या नळीतच बसवलेला असतो आणि त्याच्या जागेतून आत डोकावता येते. फोनला जोडता येणारा बारीक कॅमेरा त्या भोकातून सरकवला आणि पडद्यावर जे दिसले ते पाहून मी काही क्षण तसाच बसून राहिलो. कॉइलच्या ज्या बाजूवर हवा आदळते, त्या बाजूवर घोंगडीसारखा करड्या रंगाचा एकसंध थर जमला होता. कॉइलच्या पातळ पत्र्यांमध्ये जेमतेम एक-दोन मिलिमीटरचे अंतर असते आणि एसी चालू असताना ते पत्रे ओले असतात. ओल्या पृष्ठभागावर आलेला प्रत्येक केस आणि धुळीचा प्रत्येक कण तिथेच चिकटतो.

कॉइल धुण्यासाठी फेसाचे जे फवारे मिळतात त्यांच्याबद्दल माझे मत असे आहे, की ते बुरशी आणि वास यांच्यासाठी उपयोगी आहेत, अशा थरासाठी नाहीत. फेस थराला भिजवतो, पण जागचा हलवत नाही, आणि ओला थर पत्र्यांमध्ये आणखी खोल दाबला जाण्याची भीती असते. मी आधी लांब चिमट्याने कोरडा थर कडेपासून सोलत काढला. तो तुकड्यातुकड्यांनी निघाला, आणि सगळा निघायला जवळजवळ दोन तास लागले. नंतर मऊ ब्रशने पत्र्यांच्या दिशेनेच, कधीही आडवे न घासता, उरलेली धूळ सैल केली. हे पत्रे ॲल्युमिनियमचे आणि फार नाजूक असतात; आडवा हात फिरला की ते मिटतात आणि हवेची वाट कायमची अरुंद होते. जोराच्या पाण्याचा किंवा हवेचा झोतही मी त्याच कारणाने टाळला. सगळ्यात शेवटी फेस मारला आणि गाडीखालच्या निचरा नळीतून काळपट पाणी वाहताना पाहिले. ती नळी मोकळी आहे याची खात्री फेस मारण्याआधीच करून घ्यावी, नाहीतर ते सगळे पाणी शेजारच्या सीटच्या पायांखाली उतरते. हे काम करताना बॅटरीची ऋण तार मी सोडून ठेवली होती, कारण ग्लव्ह बॉक्सच्या वर शेजारच्या प्रवाशाची एअरबॅग असते आणि तिच्या पिवळ्या जोडण्यांना चुकूनही हात लावायचा नव्हता.

ब्लोअरही उतरवला. तो खालच्या बाजूने तीन स्क्रूंवर लटकलेला होता. त्याच्या चाकाला बारीक वक्र पाती असतात, आणि ती वक्रता धुळीने भरली की चाक फिरते पण हवा पकडत नाही. प्रत्येक पाते दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ केले. चाकावर एक लहानशी धातूची चाप दिसली आणि ती कचरा समजून काढून टाकण्याचा मोह झाला होता, पण ती चाकाचा तोल साधण्यासाठी कारखान्यात बसवलेली असते. ती निघाली तर पंखा थरथरू लागतो आणि मोटरच्या बेअरिंगचे आयुष्य कमी होते. वायपरखालची जाळी उचलून तिथली कुजलेली पाने काढली, तुटलेल्या खटक्याचे झाकण बदलले, नवा फिल्टर त्यावरचा बाण हवेच्या दिशेने ठेवून बसवला आणि बॅटरीची तार परत जोडून पंखा एकवर सुरू केला. समोरचा कागद हातातून निसटला.

इथे ही हकिकत संपली असती तर बरे झाले असते, पण सुमारे दीड महिन्याने एक, दोन आणि तीन हे तिन्ही वेग एकाएकी बंद पडले आणि फक्त चार उरला. हे लक्षण इतके बोलके आहे की त्यासाठी वेगळ्या तपासणीची गरज नसते. साध्या बटणाच्या गाड्यांमध्ये कमी वेगांसाठी वीज रेझिस्टरमधून जाते आणि तिथे आपला काही जोर उष्णतेच्या रूपाने गमावते. पूर्ण वेगाला मात्र रेझिस्टरला वळसा घालून ती थेट मोटरकडे जाते. म्हणून रेझिस्टर गेला की खालचे वेग जातात आणि सर्वांत वरचा राहतो. ज्या गाड्यांमध्ये तापमान आपोआप राखले जाते, त्यांत रेझिस्टरऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असते आणि ते बिघडले की पंखा एक तर अजिबात फिरत नाही किंवा पूर्ण वेगानेच फिरत राहतो.

रेझिस्टर काढला तेव्हा त्याच्या जोडणीचे प्लॅस्टिक एका पिनेपाशी तपकिरी होऊन वितळलेले होते. केवळ नवा रेझिस्टर बसवून ग्लव्ह बॉक्स बंद करणे शक्य होते, पण नवा रेझिस्टर त्याच वितळलेल्या जोडणीत बसवला तर तोही जळतो, आणि जोडणी का वितळली हे पाहिले नाही तर नवी जोडणीही वितळते. या बाबतीत आकडे फार स्पष्ट बोलतात. समजा मोटर २० अँपिअर वीज ओढत आहे आणि सैल झालेल्या पिनेचा रोध केवळ ०.१ ओहम आहे. तेवढ्या एका पिनेवर २ व्होल्ट गमावले जातात आणि ४० वॉट उष्णता निर्माण होते. लहान सोल्डरिंग आयर्नची शक्ती साधारण एवढीच असते, आणि इथे ती प्लॅस्टिकच्या बोटभर तुकड्यात कोंडलेली असते. शिवाय रेझिस्टर हवेच्या नळीत बसवतात तो त्याच हवेने थंड राहावा म्हणून. कित्येक महिने हवाच थोडी वाहत होती, त्यामुळे तो सोसता येईल त्याहून अधिक तापत आला असणार.

तरीही मला मोटरचा संशय होता. ब्लोअर पुन्हा उतरवून चाक हाताने फिरवले, तर ते एका ठिकाणी किंचित अडखळत होते आणि सोडल्यावर लगेच थांबत होते. निरोगी चाक हलक्या ढकलीने काही फेरे सहज घेते. क्लॅम्प मीटर तारेभोवती लावून पूर्ण वेगाला मोजले तेव्हा २३ अँपिअर दिसले. नव्या मोटरने त्याच तारेत, त्याच फिल्टरसह १६ घेतले. फ्यूज ३० अँपिअरचा असल्यामुळे तो उडण्याचा प्रश्नच नव्हता, आणि म्हणूनच हा दोष इतके दिवस निमूटपणे जोडणी भाजत राहिला. मोटर, रेझिस्टर आणि तारांसकट नवी जोडणी असे तिन्ही बदलले. शेवटी मल्टिमीटरने बॅटरीवरचा आणि मोटरच्या दोन टोकांमधला व्होल्टेज पूर्ण वेगाला ताडून पाहिला आणि दोन्हींतला फरक अर्ध्या व्होल्टच्या आत आहे याची खात्री केली. हा फरक दोन-तीन व्होल्ट निघाला असता, तर आणखी एखादी जोडणी किंवा अर्थची तार शोधावी लागली असती.

माझ्या मेहुण्याच्या गाडीतही वारा कमी होण्याचीच तक्रार होती, परंतु तिचे मूळ अगदी वेगळे निघाले, आणि ते सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. त्याच्या गाडीत सुरुवातीला वारा भरपूर येत असे, अर्धा-पाऊण तास प्रवास झाला की तो हळूहळू मंदावत असे, आणि कुठे चहासाठी वीस मिनिटे थांबले की पुन्हा पूर्ववत होत असे. ‘तुम्ही फिल्टर बदलायला सांगितलात, मी बदलला, तरी तसेच आहे,’ असे तो म्हणाला, आणि ते खरेच होते. जी अडचण थांबल्याने सुटते ती कचऱ्याची असू शकत नाही. ती बर्फाची असते. प्रवासात वारा मंदावला की एसीचे बटण बंद करून केवळ पंखा चालू ठेवायला मी त्याला सांगितले. दहा मिनिटांत वारा परत आला आणि गाडी थांबवली तेव्हा खाली पाण्याचे मोठे थारोळे साचले.

कॉइलवर बर्फ जमण्याचे कारण अनेकांना उलटे वाटते, कारण पुष्कळदा ते गॅस कमी असण्यात असते. अनेक गाड्यांच्या एसीत भरला जाणारा आर-१३४ए हा गॅस वातावरणाच्या दाबाला उणे २६ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतो. कॉइलमधला दाब वातावरणापेक्षा सुमारे १.९ बार अधिक असला की तो ० अंशाच्या आसपास उकळतो, आणि दाब त्याहून खाली गेला की कॉइलचे तापमान गोठणबिंदूच्या खाली उतरते. गॅस गळून थोडा उरला की दाब कमी होतो, कॉइलचा काही भाग अतिथंड होतो, हवेतली वाफ त्यावर गोठते आणि पत्र्यांमधले ते एक-दोन मिलिमीटरचे अंतर बर्फाने बुजते. असे होऊ नये म्हणून कॉइलजवळ तापमान मोजणारा सेन्सर असतो, जो कॉइल ० अंशाच्या जवळ येताच कॉम्प्रेसर थांबवतो. तो बिघडला किंवा आपल्या जागेवरून निसटला तर गॅस पुरेसा असूनही बर्फ जमतो. मेहुण्याच्या गाडीत सेन्सर कॉइलमधून निघून नुसता लोंबकळत होता. तो परत जागेवर बसवला आणि तक्रार मिटली. गॅस खरोखरच कमी असता, तर तो पुन्हा भरण्याआधी गळती शोधावी लागली असती, कारण एसीची यंत्रणा सगळीकडून बंद असते आणि तिच्यातला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही.

हवा एखाद्याच व्हेंटमधून येत नसेल, तर त्या व्हेंटची स्वतःची झडप आणि तिच्यामागची नळी पाहावी. संगीताची यंत्रणा बसवताना नळी सांध्यातून सुटलेली मी एकदा पाहिली आहे. हवा जोरात वाहते पण फक्त काचेकडे किंवा पायांकडेच जाते आणि बटण फिरवल्यावर डॅशबोर्डमागे टकटक ऐकू येते, तेव्हा झडप फिरवणाऱ्या छोट्या मोटरच्या प्लॅस्टिकच्या चाकाचे दात तुटलेले असतात. ब्लोअर अजिबात फिरत नसेल, तर फ्यूज आणि रिले पाहून झाल्यावर त्याच्या आवरणावर बाहेरून हलकेच ठोकावे. ठोकल्यावर तो फिरू लागला तर मोटरमधले कार्बनचे ब्रश झिजलेले आहेत आणि ती फार दिवस साथ देणार नाही.

माझ्या गाडीतला फिल्टर परवा पुन्हा उघडून पाहिला. त्याच्या चौकटीवर बसवल्याची तारीख लिहून ठेवली होती, त्यामुळे पाच महिने झाल्याचे लगेच कळले. हवा शिरते ती बाजू करडी झाली होती. त्याच्यापलीकडची, ब्लोअरकडची बाजू पांढरी होती आणि चौकटीच्या कडेने बोट फिरवल्यावर त्याला धूळ लागली नाही. फट बुजली होती. फिल्टर तसाच परत बसवला, झाकणाचे दोन्ही खटके लागल्याचा आवाज ऐकला आणि ग्लव्ह बॉक्स वर ढकलून बंद केला.